एईएम एक्स-सीरीज एअर-फ्युएल गेज आणि त्याचा सेन्सर: वापरानंतरचे परीक्षण

पेट्रोल गाडीच्या इंजिनात हवा आणि इंधन कोणत्या प्रमाणात जळत आहे, हे गाडी चालू असताना आकड्यात दाखवणारा एअर-फ्युएल गेज बहुतेक गाडीमालकांना लागत नाही. गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर चेक इंजिनचा दिवा लागल्यावर ओबीडी सॉकेटात (गाडीतील दोष वाचण्याच्या जोडणीत) खोचायचा साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि मोबाइलवरचे एखादे अ‍ॅप यांवर काम भागते. ज्यांनी सायलेन्सर किंवा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) बदलला आहे, ज्यांच्या गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप झाला आहे, म्हणजे त्यातले इंधनाचे सेटिंग बदलले आहे, किंवा ज्यांनी पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे, त्यांची गोष्ट वेगळी असते. कारण त्यांच्या इंजिनाची मूळ जुळणी कोणीतरी बदललेली असते आणि ती बरोबर बदलली की नाही, हे कळायला दुसरा स्वस्त मार्ग नसतो. माझी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक या तिसऱ्या गटातली आहे. सीएनजीवर घाट चढताना इंजिन गुदमरल्यासारखे वाटे, किट बसवणारे ‘सगळे सेटिंग ओके आहे’ असे सांगत, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा नव्हता. म्हणून हा गेज घेतला.

घेतलेला गेज अमेरिकेतील एईएम कंपनीच्या एक्स-सीरीजमधला, ३०-०३०० या क्रमांकाचा, ५२ मिलिमीटर व्यासाचा आहे. डब्यात गेजबरोबर बॉश कंपनीचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर, वायरींचा हार्नेस आणि सायलेन्सरच्या पाइपावर वेल्ड करायचा आट्यांचा नट मिळतो. मधला आकडा दिवसाच्या उजेडातही नीट दिसतो आणि भोवतीची दिव्यांची कड रात्री डोळ्यांवर येत नाही. बटणांनी एअर-फ्युएल (हवा आणि इंधनाचे प्रमाण) आणि लॅम्डा (ते प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे; १ म्हणजे अगदी योग्य) यांपैकी हवे ते माप निवडता येते. गेजमधून ० ते ५ व्होल्टचा आउटपुट बाहेर काढता येतो, त्यात ०.५ व्होल्ट म्हणजे एअर-फ्युएल ८.५ आणि ४.५ व्होल्ट म्हणजे १८ असे सरळ प्रमाण आहे, त्यामुळे लॉगरला जोडून प्रवासभराची नोंद ठेवणे सोपे जाते. गेज म्हणून या वस्तूविषयी माझी तक्रार फारशी नाही. या परीक्षणाचा बराचसा भाग गेजच्या मागे जे असते त्याविषयी आहे, म्हणजे सेन्सर, पाइप आणि अर्थिंग. कारण आकडा चुकू लागला तो तिथे, आणि गेजकडे पाहून ते ओळखणे शक्य नव्हते.

गाडीत मुळात असलेला ऑक्सिजन सेन्सर आणि या गेजचा सेन्सर यांच्या कामात मोठा फरक आहे, आणि तो ठाऊक नसला तर पुढची तपासणी समजणार नाही. बॉशने १९७६मध्ये उत्पादनात आणलेला आणि प्रथम व्होल्व्होच्या गाड्यांत बसलेला लॅम्डा सेन्सर झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा होता. आजही असंख्य गाड्यांत त्याच तत्त्वाचा, म्हणजे नॅरोबँड सेन्सर असतो. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो आणि ०.४५ व्होल्टच्या आसपास उडी मारतो. मिश्रण योग्य प्रमाणापेक्षा रिच (इंधन जास्त) आहे की लीन (इंधन कमी), एवढेच तो सांगतो. किती रिच किंवा किती लीन, हे त्याला भरवशाने सांगता येत नाही. वाइडबँड सेन्सरमध्ये त्याच तत्त्वाच्या कोशाला (सेलला) जोडून एक पंप-कोश असतो. सेन्सरच्या आतल्या बारीक पोकळीतील वायू नेहमी बरोबर लॅम्डा १ वर राहावा म्हणून गेजमधले सर्किट या पंप-कोशातून ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलते आणि त्यासाठी किती प्रवाह लागला, ते मोजते. लीन मिश्रणाला प्रवाह धन, रिच मिश्रणाला ऋण आणि अगदी लॅम्डा १ ला शून्य. पुढे एका ठिकाणी या शून्याला फार महत्त्व येणार आहे.

हे सगळे चालण्यासाठी एलएसयू ४.९चा सिरॅमिक भाग सुमारे ७८० अंश सेल्सिअसला तापलेला लागतो. एवढ्या तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर तडा जातो. म्हणूनच बॉशची सूचना अशी आहे की सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर उचललेला असावा, म्हणजे सायलेन्सरात थंडीने साचणारे पाणी त्याच्या आवरणात राहणार नाही. पाइपाच्या वरच्या बाजूला, घड्याळातील दहा ते दोनच्या दरम्यान सेन्सर बसवला की ही अट आपोआप पाळली जाते.

माझ्या गाडीचे काम ज्या वर्कशॉपमध्ये झाले, त्याचे नाव येथे देत नाही. तेथे खाली वाकून वेल्डिंग करणे सोपे पडावे म्हणून नट पाइपाच्या बाजूला, जवळजवळ आडवा वेल्ड केला गेला. डाउनपाइप (इंजिनाकडून खाली येणारा सायलेन्सरचा पाइप) काढून पुन्हा बसवताना फ्लँजचे (पाइपांच्या जोडाच्या कडेचे) जुने पॅकिंग तसेच वापरले गेले आणि ते नीट बसेना म्हणून त्यावर साधे लाल सिलिकॉन लावले गेले. आणि गेजची अर्थिंग डॅशबोर्डमागच्या एका ब्रॅकेटच्या स्क्रूला दिली गेली. तिन्ही गोष्टी बिलात दिसत नाहीत आणि बाहेरूनही दिसत नाहीत. काम सुबक दिसत होते. सुरुवातीचे काही महिने गेजने उत्तम साथ दिली आणि सीएनजीच्या मॅपमध्ये मध्यम भारावर मिश्रण लीन पडत होते, हेही त्याच्यामुळेच सिद्ध झाले.

त्यानंतर आकडे बिघडू लागले. इंजिन गरम असताना आयडलिंगवर आकडा १६च्या वर राहू लागला, आणि रेस वाढवली की हळूहळू १४.७कडे, म्हणजे पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाकडे, येऊ लागला. लॉगरमधील नोंद आणि गेजवर दिसणारा आकडा यांत फरक पडू लागला, आणि तो फरक रात्री जास्त असे. त्यातच अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यानंतर आकडा वर जाण्यास वेळ लागू लागला. वायरमनचे पहिले निदान अपेक्षेप्रमाणे ‘सेन्सर गेला, नवीन टाका’ असे होते. सेन्सर बदलणे हा या दुखण्यावरचा सर्वांत महाग आणि सर्वांत आळशी उपाय आहे, कारण मूळ कारण तसेच राहिले तर नवीन सेन्सरही त्याच वाटेने जातो.

तपासणीची सुरुवात मी गाडीच्या मूळ सेन्सरपासून केली, कारण तो दुसरा साक्षीदार आहे. ओबीडी अ‍ॅपमध्ये पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली कमी-अधिक दुरुस्ती) एकाच वेळी पाहता येतात. गाडी पेट्रोलवर, इंजिन पूर्ण गरम, आयडलिंगवर असताना मूळ सेन्सर ०.१ आणि ०.८ व्होल्टच्या दरम्यान नियमितपणे खालीवर होत होता आणि दोन्ही ट्रिम शून्याच्या आसपास होत्या. म्हणजे ईसीयूच्या मते मिश्रण लॅम्डा १ वर होते. ते खरोखरच १६च्या वर असते, तर मूळ सेन्सर ०.१ व्होल्टजवळ बसून राहिला असता आणि ईसीयूने इंधन वाढवत नेल्याने ट्रिम धन बाजूला गेल्या असत्या. इंजिन ठीक होते आणि चुकत होता तो गेज. ज्यांच्याकडे अ‍ॅडॅप्टर आहे, त्यांना ही तपासणी एक पैसाही खर्च न करता घरी करता येते, आणि ती केल्याशिवाय कोणीही सेन्सर विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ सेन्सर मॅनिफोल्डवर (इंजिनाला लागून धूर गोळा करणाऱ्या भागावर) आहे आणि वाइडबँड त्याच्यापुढे डाउनपाइपात. दोघांच्या म्हणण्यात तफावत येते तेव्हा दोघांमधल्या पाइपाच्या तुकड्यावर संशय घ्यावा. सायलेन्सरमधून वायू सलग वाहत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्यानंतर पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पॅकिंगमध्ये फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर इंधन मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे ही आगंतुक हवा त्याला लीन मिश्रणासारखीच दिसते. आयडलिंगवर वायूचा ओघ कमी असल्याने परिणाम मोठा दिसतो आणि रेस वाढल्यावर तो झाकला जातो. आयडलिंगला लीन आणि रेसला ठीक, हा आकड्यांचा नमुना गळतीची जवळजवळ सहीच समजावी. गळती मूळ सेन्सरच्याही आधी, म्हणजे मॅनिफोल्डला तडा जाऊन झाली असती, तर प्रकार अधिक घातक झाला असता, कारण मग ईसीयूच फसला असता, त्याने नसलेल्या लीनपणावर उपाय म्हणून इंधन वाढवले असते आणि इंजिन प्रत्यक्षात रिच चालले असते. मिसफायर होतो तेव्हाही हाच भ्रम होतो: न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर लीन दाखवतो. म्हणून आयडलिंगला इंजिन थडथडत असेल, तर सेन्सरला हात लावण्याआधी प्लग आणि कॉइल पाहावेत.

गळती शोधण्यासाठी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना फ्लँजवर साबणाचे पाणी मारले, गाडी सुरू केली आणि मदतनिसाने मागे सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडके काही सेकंद धरले. फ्लँजच्या वरच्या कडेला फेस उठला. नवीन पॅकिंग आणि नवे नट-बोल्ट टाकल्यावर आयडलिंगचा आकडा १४.७ला आला. लाल सिलिकॉन खरवडून काढताना मात्र पुढचा प्रश्न उभा राहिला. साध्या सिलिकॉन सीलंटमधून तापल्यावर निघणारी वाफ ऑक्सिजन सेन्सरला विषासारखी असते. तिचे पांढरे, दाणेदार अवशेष सिरॅमिकची छिद्रे बुजवतात आणि सेन्सर मंदावतो. इंजिनच्या कामासाठी ‘सेन्सर सेफ’ असे लिहिलेले सीलंट वेगळे मिळते, आणि सायलेन्सरच्या जोडावर तर कोणतेच सिलिकॉन लावण्याचे कारण नाही. काढलेल्या सेन्सरच्या जाळीवर पांढरट थर होता. काळा कोरडा थर असता तर तो रिच मिश्रणाच्या काजळीचा आणि बराचसा जळून जाणारा. तपकिरी, काचेसारखा थर असता तर तो इंजिन ऑइल जळत असल्याचा. हा पांढरा थर जात नाही. पेट्रोलने, कार्ब क्लीनरने किंवा वायर ब्रशने सेन्सर साफ करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांनी थर निघत नाही आणि सिरॅमिक मात्र खराब होते.

सेन्सर मंदावला आहे की नाही, हे पाहण्याची मला सापडलेली सर्वांत सोपी जागा म्हणजे घाटाचा उतार. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो आणि सायलेन्सरात निव्वळ हवा येते. जुन्या कात्रज बोगद्यातून शिवापूरच्या बाजूला तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना ही स्थिती हवी तितका वेळ मिळते. निरोगी वाइडबँडचा आकडा पाय काढताच क्षणार्धात मोजमापाच्या लीन टोकाला जातो आणि पाय पुन्हा ठेवताच तितक्याच तडक खाली येतो. माझा सेन्सर टोकापर्यंत जाई, पण रेंगाळत जाई. गळती बंद केल्यानंतरही हे रेंगाळणे राहिले, तेव्हा सेन्सर खरोखरच आजारी आहे, हे मान्य करणे भाग पडले. ही चाचणी अर्थातच शेजारी कोणीतरी बसवून करावी. उतारावर चालकाने गेजकडे पाहत राहणे योग्य नाही.

लॉगर आणि गेज यांतील तफावतीचा सेन्सरशी काही संबंध नव्हता. गेजचा आउटपुट हा गेजच्या स्वतःच्या अर्थिंगच्या तुलनेत मोजलेला व्होल्टेज असतो. लॉगरची अर्थिंग बॅटरीच्या ऋण टोकाला होती आणि गेजची डॅशबोर्डमागच्या स्क्रूला. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर त्याच ब्रॅकेटवरून बराच प्रवाह परत जाई आणि स्क्रूचा व्होल्टेज बॅटरीच्या ऋण टोकापेक्षा थोडा वर उचलला जाई. या गेजच्या प्रमाणात १ व्होल्ट म्हणजे २.३७५ एअर-फ्युएल; म्हणून ०.२ व्होल्टच्या फरकाने नोंद जवळजवळ अर्ध्या आकड्याने लीन दिसते. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे गेजच्या अर्थिंगला लावून, इंजिन चालू ठेवून एकेक दिवा, पंखा आणि एसी लावत जावे. ०.०५ व्होल्टच्या वर काही दिसले, तर अर्थिंगची जागा बदलावी. गेज आणि लॉगर यांची अर्थिंग एकाच बिंदूवर, ईसीयूच्या अर्थिंगजवळ नेल्यावर दोन्ही आकडे जुळले. रीमॅप करणारे पुष्कळदा लॉगवर विसंबून इंधन वाढवतात, आणि असा अर्ध्या आकड्याचा खोटा लीनपणा त्यांना चुकीच्या दिशेने नेऊ शकतो. म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नये.

आता त्या शून्याकडे येतो. लॅम्डा १ ला पंप-प्रवाह शून्य असल्यामुळे, सेन्सर म्हातारा होऊन त्याचा प्रवाह दहा टक्के कमी झाला तरी शून्याचे दहा टक्के शून्यच राहतात. सपाट रस्त्यावर, बंद लूपमध्ये (ईसीयू मूळ सेन्सर पाहून इंधन जुळवत असताना) चालताना असा सेन्सर अगदी निर्दोष १४.७ दाखवेल, मूळ सेन्सरशीही जुळेल, आणि पूर्ण भारावर, म्हणजे ज्या ठिकाणी खरा आकडा हवा असतो नेमके त्याच ठिकाणी, चुकेल. ‘माझा गेज क्रूझिंगला १४.७ दाखवतो, म्हणजे तो बरोबर आहे’ हे विधान गाडीशौकिनांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. एईएमच्या या गेजला मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करण्याची सोय नाही. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये कारखान्यात बसवलेला एक ट्रिम रेझिस्टर असतो, त्यावरून गेज त्या विशिष्ट सेन्सरची गुणवत्ता ओळखतो. यात सोय आहे, कारण बसवताना काही करावे लागत नाही. पण वयानुसार सेन्सर ढळला, तर ते दुरुस्त करण्याचा मार्ग वापरणाऱ्याकडे राहत नाही. इनोव्हेट कंपनीच्या एमटीएक्स-एल प्लसमध्ये तोच एलएसयू ४.९ सेन्सर असून मोकळ्या हवेतील २०.९ टक्के ऑक्सिजनवर कॅलिब्रेशन करता येते. ज्याला दर काही महिन्यांनी सेन्सर काढून ही प्रक्रिया करण्याचा कंटाळा नाही, त्याने तो पर्याय पाहावा. मला हा कंटाळा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, आणि तरीही या एका बाबतीत एईएमचा गेज कमी पडतो असेच माझे मत झाले आहे.

ट्रिम रेझिस्टरमुळे आणखी एक पथ्य येते. सेन्सरची वायर कमी पडते म्हणून मूळ कनेक्टर कापून दुसरा लावण्याचा उद्योग कोणत्याही वायरमनला करू देऊ नये, कारण कनेक्टरबरोबर सेन्सरची ओळखही कापली जाते. लांबी वाढवायची असेल तर हार्नेसच्या बाजूला, कंपनीच्या एक्स्टेन्शनने वाढवावी. कनेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारणेही टाळावे.

भारतात हा गेज वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी माप बदलून लॅम्डा करावे, अशी माझी शिफारस आहे. सेन्सर लॅम्डा ओळखतो. एअर-फ्युएलचा आकडा गेज त्याला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ने गुणून काढतो. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्याचे आदर्श प्रमाण सुमारे १३.५ आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलला ते प्रमाण ९च्या आसपास असते. सीएनजीचे आदर्श प्रमाण १७.२च्या आसपास आहे. तरीही ही तिन्ही इंधने बरोबर जळत असताना गेज १४.७च दाखवतो, आणि मग सीएनजीवर १४.७ पाहून ‘गॅस जास्त जातो’ असे म्हणणारा फिटर भेटतो. लॅम्डा १.०० हे मात्र तिन्ही इंधनांना सारखेच लागू पडते. शिवाय पीयूसी केंद्रावर नव्या पेट्रोल गाड्यांच्या चाचणीत हाय आयडलिंगला लॅम्डा ०.९७ ते १.०३ या मर्यादेत असावा लागतो, त्यामुळे पावतीवरील आकडा आणि गेजवरचा आकडा शेजारी ठेवता येतात. गळती दुरुस्त झाल्यानंतर मी तशी तुलना केली. मात्र गळती असताना केलेली पीयूसीची तुलना निरुपयोगी असते, कारण त्या यंत्राच्या नळीतही तीच आगंतुक हवा जाते.

ज्यांच्याकडे गेज नाही आणि फक्त चेक इंजिनचा दिवा लागला आहे, त्यांच्यासाठी मूळ सेन्सरविषयी थोडे. ओबीडी अ‍ॅपमध्ये दिसणारा पी०१३५ हा कोड पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. तेव्हा आधी फ्यूज पाहावा आणि मग सेन्सरचा प्लग काढून हीटरच्या दोन वायरींमधला, बहुधा दोन्ही पांढऱ्या, रेझिस्टन्स मोजावा. तो काही ओहमांचा असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला आहे. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजू नयेत, तिथे फक्त व्होल्टेज पाहावा. पी०१३३ म्हणजे सेन्सर सावकाश प्रतिसाद देतो आहे, पी०१३४ म्हणजे तो काहीच बोलत नाही. पी०१७१ लीन मिश्रणाचा कोड आहे आणि त्यात दोष सेन्सरचा असण्याची शक्यता कमी असते. इनटेकची फुटलेली नळी, मळलेला हवेचा सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब ही कारणे आधी पाहावीत. पी०४२० दिसला म्हणून मागचा सेन्सर बदलून देणारे गॅरेज बदलावे, कारण तो कोड बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर शुद्ध करणाऱ्या भागाची) तक्रार सांगत असतो.

माझ्या बाबतीत सेन्सर अखेर बदलावाच लागला. नवीन नट पाइपाच्या वरच्या बाजूला वेल्ड करून घेतला, जुना बंद केला. एलएसयू ४.९ हा बॉशचा ० २५८ ०१७ ०२५ या क्रमांकाचा सेन्सर आहे आणि एईएम तोच ३०-२००४ या आपल्या क्रमांकाने विकते. ३०-२००१ हा जुन्या पिढीचा एलएसयू ४.२ आहे आणि तो या गेजला चालत नाही, कारण दोघांच्या आतील कोशाचे काम करण्याचे तापमान आणि रेझिस्टन्स वेगळे आहेत. ऑनलाइन बाजारात बॉशच्या खोक्यात नकली सेन्सर सर्रास मिळतात, आणि निम्म्या किमतीचा ‘ओरिजिनल’ सेन्सर हा हमखास संशयास्पद समजावा. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या सेन्सरची किंमत गेजसह आलेल्या पूर्ण किटच्या किमतीचा मोठा हिस्सा असते. म्हणून गेज घेताना सेन्सरला खपणारा भाग मानून त्याचे पैसे वेगळे धरावेत. आटे एम१८ बाय १.५चे असतात आणि घट्ट करण्याचा टॉर्क ४० ते ६० न्यूटन मीटर आहे. नवीन सेन्सरच्या आट्यांना वंगण लावलेलेच असते, तेव्हा त्यावर आणखी काही फासण्याची गरज नाही.

वीजजोडणीविषयी गेजच्या माहितीपत्रकाच्या पुढे एक पाऊल जावे, असे मला वाटते. इग्निशनच्या किल्लीवर येणाऱ्या १२ व्होल्टला, १० अँपिअरच्या फ्यूजमधून जोडले की गेज चालतो. पण मग किल्ली फिरवताच हीटर तापू लागतो आणि इंजिन नंतर सुरू होते. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरात साचलेले पाणी सुरू होताना आधीच तापलेल्या सिरॅमिकवर उडते. गेजला रिलेमधून, इंजिन चालू असतानाच मिळणाऱ्या विजेवर ठेवले तर हा धोका कमी होतो. पुष्कळ जण यासाठी पेट्रोल पंपाच्या सर्किटवरून रिले चालवतात. पण काही सीएनजी किटांमध्ये गॅसवर असताना पंप बंद केला जातो, आणि तसे असेल तर गेज विझेल आणि बिनतापलेला सेन्सर धुरात राहून काजळेल. सीएनजीवाल्यांनी अल्टरनेटरच्या चार्जिंग सिग्नलवरून रिले चालवावा. याच कारणाने, गेज दुरुस्तीला काढला तर सेन्सरही काढावा आणि त्या जागी प्लग लावावा. वीज नसलेला सेन्सर चालत्या इंजिनाच्या सायलेन्सरात ठेवणे म्हणजे तो हळूहळू मारणेच आहे.

वापरण्याची सोय, दिसण्याचा स्पष्टपणा आणि आउटपुटचा उपयोग पाहता या गेजला मी पाचपैकी चार गुण देईन. उरलेला एक गुण मोकळ्या हवेतील कॅलिब्रेशनच्या अभावासाठी कापला आहे. बसवणाऱ्याला मात्र वेल्डिंगला सुरुवात करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: नट पाइपाच्या कोणत्या बाजूला लावणार, फ्लँजचे पॅकिंग नवीन टाकणार का, आणि अर्थिंग कुठे देणार. यांपैकी एकाचेही उत्तर ‘ते आम्ही बघून घेऊ’ असे आले, तर गाडी तिथे सोडू नये.